कोर्ट उठेपर्यंत

साकव पडला तेव्हा व्हाळात गुडघाभरसुद्धा पाणी नव्हतं. हे मी अगोदरच सांगून ठेवतो, कारण पुढची वीस वर्षं खात्यातले लोक ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणत राहिले. कसली डोंबलाची आपत्ती! जानेवारीचा महिना, संक्रांत होऊन चार दिवस झालेले, आभाळात ढगाचा ठिपका नाही. सकाळी पावणेनऊला विमला गावस हिची एकुलती एक मुलगी सुविधा पलीकडच्या वाड्यावरच्या अंगणवाडीत कामाला निघाली. साकवाच्या मध्यावर पोचली आणि पायाखालचा स्लॅब तिला घेऊन खाली गेला. खाली नुसते दगड. म्हापशाच्या वाटेवर जीपमध्येच तिनं मान टाकली. बावीस वर्षांची होती. साल १९९६.

मी गोकुळदास. मामलेदार कचेरीसमोर झेरॉक्सच्या दुकानाच्या पत्र्याखाली चौतीस वर्षं टाईपरायटर घेऊन बसलो. रेशनकार्डापासून कुळाच्या जमिनीपर्यंत लोकांचे अर्ज लिहून दिले. शिवाय गावच्या देवस्थान कमिटीचा सेक्रेटरी. अक्षर चांगलं म्हणून मला सेक्रेटरी केला होता, दुसरं काही कर्तृत्व नव्हतं. ही गोष्ट विमलाची आहे, पण तिच्यात एक घाण माझ्या हातची आहे, आणि ती मी लपवणार नाही.

आमचं गाव मोप्याच्या सड्याच्या पायथ्याशी. मधून व्हाळ, म्हणजे ओढा, जातो, आणि शाळा, अंगणवाडी, बसचा रस्ता सगळं व्हाळापलीकडे. सत्याऐंशी साली गोव्याचं राज्य झालं, त्या दिवशी आम्ही फटाके लावले होते. आता आपली माणसं, आपलं सरकार, आपल्या भाषेत बोलणारे साहेब! दुसऱ्याच वर्षी हा साकव बांधला. पायी जायचा छोटा पूल, दोन्ही बाजूंना कठडे, तोंडाशी मंत्र्याच्या नावाची संगमरवरी फरशी. काँक्रीटमध्ये खाडीची खारी वाळू घातली होती हे गावातल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. सहा वर्षांत खालून सळ्या दिसायला लागल्या. गावातर्फे मी तीन अर्ज टाईप करून खात्यात दिले, तिन्हींवर पोच घेतली. मग पंचाण्णवच्या मार्चमध्ये एकदाची दुरुस्ती झाली. दुरुस्ती म्हणजे काय, तर बेळगावकडचा एक माणूस बादली घेऊन आला आणि त्यानं कठड्यांना चुना फासला. एकतीस मार्चला कागद तयार झाला : ‘प्रत्यक्ष पाहणी केली. दुरुस्ती पूर्ण. साकव वापरास सुरक्षित.’ खाली सहाय्यक अभियंत्याची सही. स्लॅब पडला तेव्हा ती संगमरवरी फरशी मात्र जागची हलली नाही. अजून आहे, बघायला या.

खात्याचं नाव मी घेत नाही, घेऊन तोंड कशाला विटाळू? सही करणाऱ्या साहेबाचं नाव प्रमोद. आडनाव लिहीत नाही, त्याची नातवंडं शाळेत जातात आणि त्यांचा काही गुन्हा नाही. परका म्हणावा तर तसाही नव्हे, दोन गावं सोडून त्याचं घर, आमच्याच गावदेवीला, सातेरीला मानणारा. लोक त्याला प्रमोदबाब म्हणायचे.

विमला त्या वेळी बेचाळीसची होती. नवरा काविळीनं पाच वर्षांपूर्वी गेलेला. व्हाळाकाठच्या वायंगण, म्हणजे उन्हाळी पिकाच्या, शेतात मिरची लावायची आणि आठवड्याच्या बाजारात गोणपाट पसरून विकायची. बुटकी, काळीसावळी, आवाज असा की बाजाराच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाला भाव उतरावा. तिच्याशी घासाघीस करायला म्हापशाचे व्यापारीसुद्धा घाबरत. सुविधा गेल्यावर गावाला वाटलं, ही आता भिंतीला लागून बसणार. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या पत्र्याखाली हजर! टाईपरायटरसमोरच्या कदेलीवर, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “दादा, तेणां सही केल्यान मां, साकव बरो आसा म्हणान? मगे तेका कोर्टात उभो करूचो आसा. काय लिवचां तां लिव.”

मी म्हटलं, “विमले, सरकारी माणूस आहे तो.”

“मगे काय झालां? माझां चेडू सरकारी साकवारसूनच पडलां.”

तिला हवं होतं ते एवढंच. नोकरी नको, कोणाचं सांत्वन नको. सही करणारा माणूस दोषी आहे असं एका न्यायाधीशानं, त्या माणसाच्या देखत, मोठ्यानं म्हणावं. ऐकायला केवढीशी गोष्ट!

पोलीस स्टेशनात फौजदारानं ‘अपघाती मृत्यू’ म्हणून कागद केला होता. विमला त्याला म्हणाली, “अपघात कोणाक झालो? साकवाक काय चेडवाक? साकव मेलो आसात तर तेचो पंचनामो करा, माझ्या चेडवाक मारलेलां आसा.” दीड वर्ष ती दर सोमवारी तिथं जाऊन बसली. मिरची सुकवायची असली तरी सोमवार चुकला नाही. शेवटी कंटाळून त्यांनी हलगर्जीपणानं मृत्यू घडवल्याचा गुन्हा नोंदवला आणि त्यात प्रमोदचं नाव घातलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात फौजदार हसत म्हणाला, “आता सरकारची परवानगी येऊ दे, मग बघू.”

ही परवानगीची भानगड मला अर्धवट माहीत होती, त्या दिवशी पुरी कळली. साहेब लोकांनी कामावर असताना काही केलं तर त्यांच्यावर खटला भरायला आधी सरकारचीच मंजुरी लागते. ज्याच्या घरातला माणूस, त्यालाच विचारायचं, तुझ्या माणसाला धरू का? विमलाला समजावून सांगितलं तेव्हा ती बाजूला जाऊन थुंकली. फाईल पणजीला गेली आणि तिथं तिच्यावर धूळ बसू लागली.

आता माझी घाण सांगतो.

अठ्ठ्याण्णव साली शिमग्याच्या आधी गावकार नारायण माझ्याकडे आला. देवीसमोर गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. म्हणाला, “प्रमोदबाब देवीला नारळ ठेवणार म्हणतो. मनाला लागलंय त्याच्या. विमलालाही बोलाव. कोर्टबिर्ट राहू दे बाजूला, देवीच्या पायाशी दोघं एकदा आली की झालं.” मी जाऊन विमलाला सांगितलं. ती म्हणाली, “माका थंय कित्याक?” मी म्हटलं, “अगं, नारळात काय आहे? सातेरीनं बोलावलं तर नाही म्हणायचं नसतं.” हे माझे शब्द. मीच म्हटलं.

पेडण्याकडे वाढलेल्या माणसाला गाऱ्हाणं काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. देवळाच्या चौकात सगळे उभे राहतात, गावकार देवीला हाक मारून एकेक मागणं मोठ्यानं म्हणतो आणि प्रत्येक मागण्यानंतर सगळी मंडळी एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. कोणी विचार करून म्हणत नाही. आईच्या कडेवर असल्यापासून म्हणत आलेलो असतो. गावकाराचा आवाज वाक्याच्या शेवटी वर चढला की आपलं तोंड आपोआप उघडतं.

प्रमोद आला. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, गळ्यात साखळी. विमलाकडे त्यानं नजरसुद्धा टाकली नाही. मांडवात चाललेल्या नवऱ्यासारखा सरळ देवीसमोर जाऊन उभा राहिला. विमला बायकांत, खांबाशी. नारायणानं सुरुवात केली, “आई सातेरी, बारा वाड्यांच्या माउली! आज ह्यां लेकरू तुझ्या पायाकडे इलां, तेचो नारळ मान्य कर गे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“गावाची, गुराढोरांची, चेडवाझिलग्यांची राखण कर गे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या लेकरान कळत-नकळत काय चूकमाक केली आसात, ती पदरात घे गे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि दोनय घरांच्या मनातलो राग काडून टाक, आजपासून वाकडां काय उरूक नाय, असां कर गे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

विमलाही म्हणाली. मी ऐकलं, मी तिच्यापासून चार हातांवर होतो. तोंडातून गेलं आणि मग तिच्या चेहऱ्यावर आलं की आपण काय बोललो. तोपर्यंत नारायणानं नारळाची कवड तिच्या ओंजळीत ठेवली होती. देवीचा प्रसाद हातातून खाली कोण टाकतो? तिनं पदरात घेतली.

पुढं मी काय केलं ते ऐका. देवळात काहीही झालं की देवस्थानच्या वहीत त्याची नोंद करायची, हे माझं काम. बांधावरून भांडण, माडावरून भांडण, पाण्याच्या पाळीवरून भांडण, गाऱ्हाणं झालं की मी शेवटी एकच ठरलेलं वाक्य लिहायचो. हात सवयीनं चालला आणि तेच लिहिलं : ‘उभय पक्षांत श्रीदेवीसमोर समेट झाला असून आता कोणाचीही तक्रार उरलेली नाही.’ मग हजर असलेल्यांच्या सह्या घेतल्या. विमलाला म्हटलं, हजेरीची सही आहे, कर. तिनं केली. मेल्या माणसाची तक्रार मी माडाच्या झावळीवरून झालेल्या भांडणासारखी मिटवून टाकली, आणि घरी जाऊन जेवलो!

आठ महिन्यांनी विमला एक लांब लखोटा घेऊन पत्र्याखाली आली. सरकारचं पत्र, इंग्रजीत. “वाच,” म्हणाली. मी वाचून मराठीत सांगत गेलो. खटल्याला मंजुरी नाकारली होती. कारण पहिलं, अधिकाऱ्यानं जे केलं ते कर्तव्य बजावताना केलं. कर्तव्य! न जाता पाहणी केली म्हणून सही करणं हे कर्तव्य! आणि कारण दुसरं वाचताना माझी जीभ अडखळली. मयताच्या आईची तक्रार स्थानिक देवस्थानात मिटलेली आहे, सोबत देवस्थानच्या अधिकृत नोंदीची प्रत. लखोट्यात झेरॉक्स होती. खाली विमलाची वाकडीतिकडी सही.

“ह्यां अक्षर कोणाचां?” तिनं विचारलं.

“माझं.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. बाजारात चार रुपड्यांसाठी गाव डोक्यावर घेणारी बाई, त्या दिवशी झेरॉक्स घडी घालून लखोट्यात ठेवली. उठली आणि गेली. वहीची प्रत प्रमोदला नारायणानं दिली होती, हे मला नंतर समजलं. म्हणजे पश्चात्तापबिश्चात्ताप सगळं झूट. वकिलानं सांगितलं असणार, असा एखादा कागद मिळव, आणि हा धोतर नेसून देवीच्या दारात आला. देवीला कामाला लावलं या माणसानं! आणि तिच्या बाजूला मी, पेन घेऊन. मला स्वतःची किळस आली. रात्री भात पानात तसाच राहिला, बायको विचारत होती तरी सांगवेना.

तिसऱ्या दिवशी विमला परत आली आणि त्याच कदेलीवर बसली. “दुसरो कोण टायपिस्ट मेळना नाय असां नाय,” ती म्हणाली. “पण तुझ्या हातान लिवलां तां तुझ्याच हातान खोटां म्हणान लिवन दी. आणि देवळातल्या सगळ्यांदेखत नाय, कोर्टात दी.”

दिलं. पणजीच्या वरच्या कोर्टात मंजुरी नाकारल्याविरुद्ध अर्ज घातला, त्याला माझं प्रतिज्ञापत्र जोडलं : समेट झाला नव्हता, ते वाक्य मी सवयीनं लिहिलं, सही हजेरीची म्हणून घेतली. गावात भूकंप झाला. देवस्थानची नोंद खोटी म्हणतोस? मला कमिटीतून काढलं. तीन वर्षं पालखी माझ्या दारात थांबली नाही. बायको रडली, मुलगा बोलेनासा झाला. नारायण रस्त्यात समोर आला की माझ्याकडे पाठ करायचा. करू दे. त्याच्या पाठीचं दर्शन मला तोंडापेक्षा बरं वाटायचं.

वकील मिळाली स्वाती नावाची, तिशीच्या आतली, म्हापशाची. पहिल्याच भेटीत विमलाला म्हणाली, “मावशी, केस लांबेल.” विमला म्हणाली, “लांबांदी. माका दुसरां काय काम आसा?” वरच्या कोर्टानं दोन हजार तीन साली सांगितलं, असा गुन्हा कोणाच्या घरच्या भांडणासारखा देवळात मिटत नाही, आणि पाहणी न करता सही करणं हे कर्तव्यात बसत नाही. सरकारनं मंजुरीचा नव्यानं विचार करावा.

नव्यानं विचार! आठ वर्षं विचार चालला. फाईल हरवली, सापडली, दुसऱ्या खात्यात गेली, त्या खात्यानं ती आमची नव्हे म्हणून परत पाठवली. एक कारकून मला तोंडावर म्हणाला, “म्हातारी थकली की आपोआप बंद होईल हो.” असं म्हणताना तो चहात पाव बुडवत होता. मी लिहिलेली स्मरणपत्रं मोजायची सोडून दिली. मधल्या काळात प्रमोदला दोनदा बढती मिळाली. ज्याच्या सहीनं पूल पडला त्याला आणखी मोठ्या पुलांवर सह्या करायला बसवला. मग तो निवृत्त झाला, त्याचा सत्कार झाला, पेपरात फोटो आला : ‘कर्तव्यदक्ष अधिकारी’. विमलानं त्या फोटोवर मिरच्या सुकत घातल्या. मी विचारलं तर म्हणाली, “कागद कागदच. बुरशी येऊक नाय म्हणजे झालां.”

निवृत्तीनंतर मंजुरी आली. आता तो त्यांच्या कामाचा नव्हता ना! एकदाचा खटला उभा राहिला, तर आमच्या बाजूनं लढायचा तो सरकारी वकीलच म्हणाला, साहेब पाहणीला आलेच नव्हते याला पुरावा काय? कागदावर तर आल्याचं लिहिलंय.

विमलाला तो चुना मारणारा आठवत होता. त्यानं तिच्या दारात पाणी मागितलं होतं, तिनं त्याला भाकरी नि सुक्या बांगड्याचं किसमूर दिलं होतं, आणि त्यानं आपल्या गावाचं नाव सांगितलं होतं. अठरा वर्षांमागची गोष्ट! मला वाटलं, ही बाई आता भ्रमिष्ट झाली. तरी गेलो दोघं, तीन एसटी बदलून, बेळगाव जिल्ह्यातल्या त्या गावात. अशोक नाव त्याचं. पाठीतून वाकलेला, दम्यानं बेजार. विमलानं नुसतं सांगितलं, “तू चुनो मारलेलंस, तो साकव पडलो. माझां चेडू मेलां.” अशोक दारातच खाली बसला. “मला ठाऊकच नव्हतं की ओ, आई,” म्हणाला. “मी म्हटलं होतं मुकादमाला, खालनं सळ्या गंजल्यात, चुना मारून काय उपेग? तो म्हणाला, साहेब काय बघायला येत न्हाईत, तू मार गप.” साहेब लोकांपैकी कोणी यायला तयार नव्हतं. हा माणूस दम्याचा फवारा खिशात घालून साक्षीला आला.

प्रमोदच्या वकिलानं विमलाला उलट विचारलं, “देवीसमोर तुम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हणालात, खरं की खोटं?” मी मागच्या रांगेत होतो. विमला म्हणाली, “म्हटलंय. देवीक म्हटलंय. ह्यो देव आसा काय?” कोर्टात हसू फुटलं. प्रमोद हसला नाही. घड्याळ बघत होता.

निकाल दोन हजार सोळाच्या फेब्रुवारीत लागला. विमला बासष्टची, केस पांढरे, गुडघे गेलेले. सकाळी साडेअकराला न्यायाधीशांनी निकाल वाचला. आरोपी दोषी. हा शब्द ऐकायला तिनं वीस वर्षं घालवली होती. तिनं माझा दंड असा घट्ट धरला की वळ उठला. मग शिक्षा. आरोपीचं वय चौसष्ट, रक्तदाब आणि मधुमेह, समाजातलं स्थान, घटनेला झालेला दीर्घ काळ, हे सगळं लक्षात घेऊन दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत साधी कैद.

दीर्घ काळ! तो काळ लावला कोणी? ज्यांनी फाईल दाबली त्यांनीच उशीर केला, आणि त्याच उशिराची सूट ह्यालाच!

विमलानं विचारलं, “कोर्ट उठेपर्यंत म्हणजे काय रे?” मी सांगितलं. न्यायाधीश आजचं काम संपवून उठेपर्यंत त्यानं इथं बसायचं, पोलिसाच्या ताब्यात. मग घरी.  भिंतीकडेच्या बांकावर प्रमोदला बसवलं. बसवलं कसलं, तो आपण होऊन टेकला. शिपायानं त्याला पाणी आणून दिलं. येणारेजाणारे वकील वाकून नमस्कार करत होते. पोलीस तर त्याच्या शेजारी अदबीनं उभा, लग्नातला करवला जसा.

दीडला न्यायाधीश जेवायला आत गेले. लगेच प्रमोदचा मुलगा गाडीची किल्ली फिरवत आला. प्रमोद उठला, उपरणं झटकलं. पोलिसानं दुसरीकडे तोंड फिरवलं. सगळ्यांना ठाऊक होतं, असंच चालतं. अशी शिक्षा झालेला माणूस जेवणाच्या सुट्टीनंतर कधी थांबत नाही.

विमला उठली. तिचे ते गेलेले गुडघे घेऊन दारात जाऊन उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून.

“खंय चल्लंस?”

“बाय, बाजू व्हा,” पोलीस म्हणाला. “झालं आता.”

“खंय झालां? कोर्ट उठूक नाय. कोर्ट जेवूक गेलां. जेवन परत येतलां. बसव तेका.”

तिचा बाजारातला आवाज. बाहेरच्या आवारातले लोक थांबून बघू लागले. स्वाती वकील तिच्या शेजारी येऊन उभी राहिली, पोलिसाला म्हणाली, “सोडताय तर लेखी द्या, कोणाच्या हुकमानं सोडलं ते.” पोलिसानं घाम पुसला. खाली मान घालून म्हणाला, “साहेब, बसा.”

प्रमोद बसला. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याला कोणी बस म्हटलं आणि त्याला बसावं लागलं. मुलानं डबा आणला, म्हणाला, बाबांना शुगर आहे, जेवायला तरी जाऊ द्या. विमला म्हणाली, “हंयच जेवांदी. मी काय उपाशी मारूक नाय कोणाक.” आणि तो जेवला! पोलिसाच्या बाजूला बसून, सगळ्यांच्या देखत, भात, सोलकढी, तळलेला विस्वण. काटा काढून काढून खाल्ला. बोटंसुद्धा चाटली. मी बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारलं. या माणसाच्या घशात काहीच अडकत नाही. सुविधा नाही, देवी नाही, दोषी हा शब्द नाही, माशाचा काटासुद्धा नाही.

विमला समोरच्या बांकावर बसून त्याच्याकडे बघत होती. ती जेवली नाही. तीनला त्याला लघवीला जायचं झालं, तर ती पोलिसाला म्हणाली, “बरोबर जा तेच्या.” पोलीस गेला. चारला प्रमोद डुलक्या घ्यायला लागला. ती जागी. तिची पापणीही लवत नव्हती. मी म्हटलं, “विमले, जरा चहा घे.” तिनं हातानंच नको म्हटलं.

पाच वाजून दहा मिनिटांनी न्यायाधीश उठले. आम्ही सगळे उभे राहिलो. बाजूच्या दाराकडे जाताना त्यांची नजर बांकाकडे गेली आणि ते थबकले.

“तुम्ही अजून इथंच?” त्यांनी प्रमोदला विचारलं. खरोखर नवल वाटलेल्या माणसासारखं विचारलं.

विमलानंच उत्तर दिलं. हात जोडून, पण आवाज तोच.

“मी बसयलंय तेका, साहेबानु. शिक्षा तुमी दिल्यात. भोगवन घेवचां काम माझ्यारच सोडल्यात मां.”

न्यायाधीश आत गेले. आम्ही साडेपाचची बस पकडली.